सँ-रेमीची पर्वतचित्रे

डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग (1853–90) याने दक्षिण फ्रान्समधील सँ-रेमी येथे 1889 मध्ये रंगवलेली डोंगरांची तैलचित्रे. 8 मे 1889 रोजी तो तेथील सँ-पॉल-द-मोझोल या मनोरुग्णालयात स्वतःहून दाखल झाला. रुग्णालयाच्या पाठीशीच लेझाल्पीय ही चुनखडकाची डोंगररांग आहे. तिची उंची पाचशे मीटरांच्या आतलीच. पण झिजून झिजून तिच्या कड्यांना विलक्षण आकार आले आहेत. जूनमध्ये रंगवलेल्या ऑलिव्हच्या झाडांच्या चित्रात मागे दिसणारा दोन भोकांचा खडक आजही तेथे ओळखता येतो. ‘तारांकित रात्र’ या प्रसिद्ध चित्रातले डोंगरही याच रांगेचे.

या चित्रांतले वळसे घेणारे फटकारे म्हणजे बिघडलेल्या मनाचा उद्रेक, असा समज रूढ आहे. चित्रे नीट पाहिली की तो टिकत नाही. ‘सँ-रेमी येथील डोंगर’ (जुलै 1889, गुगेनहाइम संग्रहालय, न्यूयॉर्क) यात कुंचला खडकाच्या अंगाने फिरतो : कडा फुगतो तेथे फटकारा वळतो, घळ उतरते तेथे तो खाली ओढला जातो. गडद बाह्यरेषा प्रत्येक आकार बांधून ठेवतात. त्यांत जपानी छापचित्रांचा अभ्यास दिसतो. रंग जाड लावलेला आहे. खालचा थर ओला असतानाच वरचा फटकारा दिल्यामुळे निळ्यात पांढरा, हिरव्यात पिवळा ओढला जातो. मात्र रंग पुरते घोटलेले नाहीत, त्यामुळे ते मळत नाहीत. अशा कामात हात थांबला की फटकाऱ्याचा जोर जातो, म्हणून आकाराचा निर्णय कुंचला टेकण्यापूर्वीच झालेला असावा लागतो. हे चित्र रंगवताना लेखक एदुआर रॉद याच्या कादंबरीतले काळ्या डोंगरांचे आणि झोपड्यांजवळ फुललेल्या सूर्यफुलांचे वर्णन मनात होते, असे त्याने पत्रात कळवले आहे.

जुलैच्या मध्यास दगडाच्या खाणीचे चित्र काढत असताना, वाऱ्याच्या दिवशी, उघड्यावरच त्याला आजाराचा झटका आला. तरी ते चित्र त्याने पूर्ण केले. त्यात मंद हिरवे, तांबूस आणि गंजासारखे पिवळट रंग आहेत. संयम सुटल्याची खूण कोठेही नाही. शरद ऋतूत तो दरीत उतरून काम करू लागला. तेथे वारा इतका की ईझल दगडांमध्ये घट्ट बसवावे लागे, असे त्याने चित्रकार मित्र एमिल बर्नार याला लिहिले. दरीच्या चित्रांत आकाश जवळजवळ नाहीच. दोन्ही बाजूंचे खडक आणि मधला ओहोळ एकाच लयीत रंगवलेले आहेत.

पहिला आक्षेप घरातूनच आला. शैलीच्या शोधात वस्तूंविषयीची खरी भावना हरवते, असे धाकटा भाऊ थिओ याने ऑक्टोबरमध्ये लिहिले. त्याचा रोख चांदण्यातल्या गावाच्या आणि डोंगरांच्या चित्रांवर होता. व्हिन्सेंटने उत्तरात शैलीची ओढ कबूल केली आणि आपल्याला अधिक ठाम, विचारपूर्वक रेखाटन हवे आहे, असे सांगितले. या वादात थिओच्या बाजूने फार थोडे बोलता येते : भावना त्या रेखाटनातूनच उभी राहते. चित्रकार पॉल गोगँने तर 1890 च्या वसंतात व्हिन्सेंटची चित्रे असलेले पॅरिसमधील प्रदर्शन पाहून डोंगराच्या चित्राच्या बदल्यात आपले चित्र देऊ केले.

कॅनव्हास आणि रंग थिओ पॅरिसहून पाठवी, आणि ते नेहमी पुरत नसत. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातील दरीचे चित्र त्याने स्वतःच्याच एका जुन्या चित्रावर रंगवले. खालचे रानझुडपांचे चित्र क्ष-किरणांनी उघडकीस आले, ते 2007 मध्ये जाहीर झाले. गुंडाळून पाठवल्याने त्याच्या काही चित्रांतील रंगांचे उंचवटे दबले, तर काही लाल रंग उजेडाने उडाले. छापील प्रतीत हे उंचवटे दिसतच नाहीत. मूळ चित्र पाहण्याचा योग आला, तर ते समोरून पाहून झाल्यावर बाजूने, तिरक्या उजेडातही पाहावे.