नवशिक्या सायकलस्वार

श्रोतेहो, यंत्रांचा इतिहास सांगताना आपण बहुधा यंत्र घडविणाऱ्यांचाच इतिहास सांगतो. आगगाडी म्हटली की स्टीफन्सन आणि विमान म्हटले की राइट बंधू आठवतात. सायकलीच्या इतिहासातही अशी नावे पुष्कळ आहेत आणि त्यांतील काही आजच्या भाषणात येतीलच. परंतु सायकल हे वाहन इतर वाहनांहून एका बाबतीत अगदी निराळे आहे. आगगाडीत बसण्यासाठी उतारूला काही शिकावे लागत नाही. तिकीट असले म्हणजे पुरे. सायकलीवर बसू पाहणाऱ्याला मात्र, तो विद्वान असो वा अडाणी, आरंभी पडावे लागते. म्हणून या वाहनाचा इतिहास पडणाऱ्याच्या बाजूने पाहिला तर काय दिसते, याचा विचार आज करावयाचा आहे. मला तर त्यात असे दिसते की, ज्या ज्या वेळी नवशिक्याचे भय थोडे कमी झाले, त्या त्या वेळी सायकल समाजाच्या एका नव्या थरात शिरली.

जर्मनीतील मानहाइम या गावी कार्ल द्राइस नावाच्या गृहस्थाने १२ जून १८१७ रोजी आपली लाकडी दुचाकी प्रथम रस्त्यावर आणली. तिला पायटे नव्हते. स्वार तिच्यावर मांडी टाकून बसे आणि आळीपाळीने पायांनी जमीन मागे रेटी. त्या दिवशी द्राइसने जाऊन-येऊन सुमारे १४ किलोमीटरांची मजल तासाभराच्या आत मारली. ही गाडी शिकणे त्या मानाने सोपे होते, कारण पाय जमिनीपासून फारसे सुटतच नसत. अडचण होती ती रस्त्यांची. गाड्यांच्या चाकोऱ्यांनी उखडलेल्या रस्त्यात तोल राहीना, म्हणून स्वार पदपथावर चढू लागले. पादचाऱ्यांनी तक्रारी केल्या आणि अनेक शहरांनी या गाडीला पदपथावर मज्जाव केला. नवशिक्या आणि रस्ता यांचे भांडण इतके जुने आहे.

पुढे १८६० नंतरच्या दशकात पॅरिस येथे पुढच्या चाकाच्या आसाला पायटे बसविण्यात आले. आता पाय जमिनीवरून उचलणे भाग पडले आणि तोल सांभाळण्याची विद्या खऱ्या अर्थाने सुरू झाली. लाकडी चाकांना लोखंडी धावा असत. दगडी फरसबंदीवरून जाताना अंगाची हाडे खिळखिळी होत, आणि इंग्रजांनी या गाडीला नावही तसेच दिले. १८६९ च्या सुमारास लंडन आणि न्यूयॉर्क येथे तिच्या शिकवण्या चालू झाल्या. घोड्यावर बसण्यास शिकवावे तसे शिक्षक माणसांना चाकावर बसण्यास शिकवू लागले.

यानंतर जे घडले ते वेगाच्या हव्यासाने घडले. पायटे थेट चाकालाच असल्यामुळे पायाची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. साहजिकच चाक जितके मोठे तितका वेग अधिक. तेव्हा पुढचे चाक वाढत वाढत पन्नास-साठ इंचांपर्यंत गेले आणि मागचे अगदी लहान झाले. स्वार आता माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, पुढच्या चाकाच्या जवळजवळ माथ्यावर बसू लागला. वाटेत एखादा दगड आडवा आला की तो पुढे डोक्यावर आदळे. हे वाहन धट्ट्याकट्ट्या, निर्भय तरुणांचे राहिले. स्त्रिया, वृद्ध, आणि हात मोडला तर ज्यांची रोजी बुडेल असे लोक त्याच्या वाटेस जात नसत. वेग वाढला, परंतु वाहनाचे वर्तुळ आकसले.

या उंच चाकावर शिकणाऱ्याचे हाल अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन याने एका निबंधात वर्णिले आहेत. तो १८८४ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, शिकला. रोज दीड तास याप्रमाणे आठ दिवस, म्हणजे एकूण बारा तास, त्याने शिक्षकाच्या हाताखाली काढले. नंतर एकट्याने रस्त्यावर गेल्यावर त्याला जे अनुभव आले ते आजच्या नवशिक्यालाही ओळखीचे वाटतील. रस्त्याचा जो किंचितसा चढ पायी चालताना कधी जाणवला नव्हता तो त्याला आता कळू लागला. जो दगड चुकवावयाचा त्याच्याकडेच चाक ओढ घेई. बाजूला उभा राहून टीका करणारा एक पोरही त्याला भेटलाच.

ट्वेनला सर्वांत चमत्कारिक वाटलेली गोष्ट अशी की, गाडी डावीकडे कलली तर चाकही डावीकडेच वळवावे लागते. मनाची उपजत प्रवृत्ती याच्या अगदी उलट असते. डावीकडे पडू लागलेला माणूस उजवीकडे ओढू पाहतो आणि त्यामुळेच आपटतो. चाक पडण्याच्या बाजूस वळविले म्हणजे ते शरीराच्या भाराखाली येते आणि गाडी सावरते. हे कारण समजावून सांगितल्याने कोणालाही सायकल येत नाही. बुद्धीला ते पटले तरी हाताला पटावे लागते, आणि हाताला पटविण्याचा मार्ग पुनःपुन्हा पडणे हाच आहे. एकदा पटले म्हणजे मात्र पुढे वर्षानुवर्षे सायकल हाती धरली नाही तरी हात ते विसरत नाही.

या परिस्थितीत खरा पालट १८८५ साली झाला. इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथील जॉन केम्प स्टार्ले याने जवळजवळ सारख्या आकाराची दोन चाके असलेली, साखळीने मागचे चाक फिरविणारी गाडी बाजारात आणली. लहानमोठ्या दातेरी चक्रांमुळे चाक न वाढविताही वेग साधू लागला आणि स्वार पुन्हा जमिनीजवळ आला. या प्रकारच्या गाडीला ‘सेफ्टी’ म्हणजे निर्धोक असेच नाव पडले. तोल गेला की पाय टेकता येतो, एवढीच काय ती निर्धोकता. परंतु शिकणाऱ्याच्या दृष्टीने सारा फरक तेवढ्यातच होता. तीन वर्षांनी, १८८८ साली, बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवा भरलेल्या रबरी धावेचे पेटंट घेतले. आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला बसणारे हिसके कमी व्हावेत या हेतूने त्याने तो प्रयोग केला होता.

हवेच्या धावेबरोबर एक नवे संकटही आले. ते म्हणजे पंक्चर! आरंभीच्या धावा चाकाला चिकटविलेल्या असत आणि त्या काढणे म्हणजे मोठी यातायात होती. १८९१ साली फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी काढता-घालता येणारी धाव पुढे आणली. त्याच वर्षी शार्ल तेराँ याने तीच धाव वापरून पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत ही सुमारे १२०० किलोमीटरांची शर्यत जिंकली, तेव्हा तिची उपयुक्तता जगाला कळली. रस्त्यांकडेही सायकलवाल्यांनीच लक्ष वेधले. इंग्लंडात १८७८ साली स्थापन झालेल्या सायकलप्रवाशांच्या मंडळाने पुढे धोक्याच्या उतारांच्या माथ्यावर सूचनाफलक लावले, आणि अमेरिकेतील सायकलस्वारांच्या संघाने चांगल्या रस्त्यांसाठी चळवळ उभारली. मोटारी रस्त्यावर दिसू लागण्यापूर्वीच्या या गोष्टी आहेत.

आता शिकणाऱ्यांत कोण कोण आले ते पाहा. मद्यपानविरोधी चळवळीच्या अमेरिकन पुढारी फ्रान्सिस विलर्ड यांनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, आईच्या निधनानंतर प्रकृती खचली असता, इंग्लंडात सायकल हाती धरली. तिचे नाव त्यांनी ग्लॅडिस असे ठेविले. रोज सुमारे पंधरा मिनिटे याप्रमाणे तीन महिने त्यांचा अभ्यास चालला. आधी पायटे मारणे, मग वळणे, मग उतरणे आणि सर्वांत शेवटी कोणाच्या आधारावाचून चढणे. १८९५ साली त्यांनी यावर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी रशियात टॉलस्टॉय हे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षात, धाकटा मुलगा गेल्याच्या दुःखानंतर, मॉस्को येथे सायकल शिकले. मनाने खचलेल्या या दोन वडीलधाऱ्या माणसांनी औषधासारखे हे चाक धरावे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तिसरे उदाहरण ॲनी कोपचोव्स्की या बाईंचे. लाटव्हियातून अमेरिकेत आलेल्या कुटुंबातील ही तीन मुलांची आई. एका जलविक्रेत्या कंपनीची जाहिरात गाडीवर लावण्याच्या अटीवर शंभर डॉलर घेऊन आणि त्या कंपनीचे ‘लंडनडेरी’ हे नाव धारण करून ती जून १८९४ मध्ये बोस्टनहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. त्याआधी ती सायकलीवर जेमतेम बसली होती! ४२ पौंड वजनाची बायकांची सायकल आणि पायघोळ झगा, अशा थाटात तिला शिकागो गाठण्यास सप्टेंबर उजाडला. तेथे तिने निम्म्या वजनाची पुरुषी सायकल घेतली आणि झग्याऐवजी सुटसुटीत विजार पत्करली. पुढच्या वाटेत आगबोटीचा प्रवास पुष्कळ होता हे खरे. तथापि १८९५ च्या सप्टेंबरात ती परतली, तेव्हा ती खरीखुरी सायकलस्वार झाली होती.

आपल्याकडील पराक्रमही कमी नाहीत. मुंबईहून १९२३ साली निघालेल्या पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. तथापि महाराष्ट्राच्या घराघरांत सायकल शिरली ती तासावर भाड्याने सायकल देणाऱ्या दुकानांतून. विसाव्या शतकात पुणे हे दीर्घकाळ सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कचेरीतील कारकून, महाविद्यालयातील विद्यार्थी, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील कामगार, सारे सायकलीवरच. तेथील मुलाची शिकण्याची रीत ठरलेली असे. उंची पुरत नाही म्हणून मधल्या दांड्याखालून पाय घालून अर्धे अर्धे पायटे मारावयाचे, मग दांड्यावर आणि मग सीटवर. मागे कॅरिअर धरून धावणारा थोरला भाऊ ‘सोडले नाही’ असे ओरडत असताना त्याने केव्हाच सोडलेले असे. नंतर येई तो रहदारीचा धडा : टांगा, बैलगाडी, आणि रात्री दिवा नसल्यास अडविणारा पोलीस. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुड्यावरून भोक शोधण्याची विद्याही याच शिक्षणात मोडे.

या साऱ्या इतिहासातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग मात्र तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यातील आहे. तेथे १९९१ साली साक्षरतेच्या मोहिमेत, जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने, स्त्रियांना सायकल शिकविणे हा एक भाग करण्यात आला. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, गावोगाव फिरणाऱ्या परिचारिका अशा लाखाहून अधिक स्त्रिया अल्पावधीत सायकल शिकल्या. सायकलीसाठी त्यांना बँकांचे कर्ज मिळावे अशी तजवीजही झाली. बायकांच्या सायकली अपुऱ्या पडल्या तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या, आणि पुढच्या दांड्यावर मूल बसविता येते म्हणून कित्येकींना त्याच अधिक सोयीच्या वाटल्या. आरंभी त्यांची टिंगल झाली. पण पाण्याचे हंडे, बाजाराचा माल आणि मुले घेऊन त्या फिरू लागल्या. बससाठी ताटकळणे आणि नवऱ्याची किंवा मुलाची सवड पाहणे संपले. बिहारमध्ये २००६ साली नववीतील मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना निघाली, आणि पुढील पाहणीत माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. शाळा लांब असलेल्या गावांत हा परिणाम विशेष दिसला.

श्रोतेहो, अक्षरओळख आणि तोल या दोन्ही गोष्टी एकाच मोहिमेत शिकविण्यात मोठे शहाणपण होते. दोहोंत पहिल्या चुकांची लाज असते, दोहोंत टिंगल करणारे बाजूला उभे असतात, आणि दोन्ही साधल्यावर माणूस कोणाच्या आधारावाचून जाऊ लागतो. नवशिक्याला सायकल शिकण्यास बारा तास लागोत वा बावीस; त्यानंतर जो रस्ता त्याला मोकळा होतो, त्याच्या मानाने हा काळ फारच थोडा आहे. तेव्हा आपल्या गल्लीत कोणी प्रौढ बाई किंवा लहान मूल डगमगत चाक फिरविताना दिसले, तर हसू आवरून त्याला वाट द्यावी, आणि जमल्यास दोन पावले मागून कॅरिअर धरावे, एवढीच विनंती.