सुरतेची जर

सुरत म्हटली की आपल्याला शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. मला मात्र सुरत आठवते ती हरिहर जेठालाल जरीवाला या माणसामुळे. म्हणजे आपला संजीवकुमार! ९ जुलै १९३८ रोजी तो सुरतेत जन्मला. त्या गावचा जुना धंदा त्याच्या आडनावातच आहे. आपल्या पैठणीच्या पदरालाही सुरतेचीच जर लागत आली.

परवा 'संघर्ष' (१९६८) पुन्हा पाहिला. लहानपणी दूरदर्शनवर पाहिला तेव्हा फक्त दिलीपकुमार लक्षात राहिला होता. वैजयंतीमाला, बलराज साहनी, जयंत, नौशादचे संगीत, महाश्वेतादेवींची मूळ कथा... सामग्री एवढी, तरी पाक बिघडलाच. काशीतल्या दोन घराण्यांचे वैर रंगू लागते न लागते तोच गाणे सुरू होते. पात्रे गरजतात, चित्रपट लांबत जातो. दिग्दर्शक एच. एस. रवैल यांना पसारा आवरलेला नाही, हे मान्य करायलाच हवे.

आणि मग येतो द्वारका. बापाच्या खुनाचा सूड मनात धरून बसलेला. तो आणि दिलीपकुमार बुद्धिबळाच्या पटाशी समोरासमोर बसतात, आणि इतका वेळ गडगडणारा चित्रपट एकदम दबक्या आवाजात बोलू लागतो. संजीवकुमार तेव्हा जेमतेम तिशीचा. 'हम हिंदुस्तानी'तल्या (१९६०) किरकोळ कामापासून आठ वर्षे धडपडलेला. समोर अभिनयसम्राट! दुसरा कोणी असता तर आवाज चढवून बसला असता. हा नुसता ऐकतो, पाहतो, मग बोलतो. भूमिका छोटी, पण बरोबरीची.

पुढे 'दस्तक' (१९७०) आणि 'कोशिश'ला (१९७२) राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 'शोले'तला (१९७५) ठाकूर तर घराघरांत पोचला. पडद्यावर इतके म्हातारे रंगवणारा हा नट ६ नोव्हेंबर १९८५ रोजी वयाच्या ४७ व्या वर्षीच गेला. त्याचे म्हातारपण आपण फक्त चित्रपटांतच पाहिले.

फसलेला म्हणून एखादा चित्रपट आपण सहज अडगळीत टाकतो. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका शालू विरला तरी त्याची जर टाकत नसत. ती जाळून चांदी काढून घेत. 'संघर्ष'चे सूत बऱ्याच ठिकाणी विरले आहे खरे. पण त्यातली जर अस्सल सुरतेची आहे. ती एकदा नक्की पाहा.