चेहरा आणि नाव
गोवळकोंड्याच्या चित्रांपासून ग्रंथालयाच्या तसबिरींपर्यंत

तेलुगू भाषेत 'नल्ल' म्हणजे काळा आणि 'कुंटा' म्हणजे लहान तळे. हैदराबादेतील नल्लकुंटा या वस्तीचे नाव असे एका तळ्याची आठवण सांगते. तळे दिसेनासे झाले तरी नाव राहिले. काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार आणि नल्लकुंटा या परिसरात पिढ्यान् पिढ्या नांदलेल्या मराठी कुटुंबांना हे शहर परके कधीच वाटले नाही. मात्र या शहराने मराठी माणसाला दिलेल्या एका मोठ्या देणगीची जाणीव फार थोड्यांना असते. शिवाजी महाराजांची जी चित्रे आज विश्वसनीय मानली जातात, त्यांपैकी बहुतेक गोवळकोंड्याच्या चित्रशैलीतील आहेत. नल्लकुंट्यातून पश्चिमेकडे निघालेला माणूस तासा-दीड तासात ज्या किल्ल्याच्या पायथ्याशी पोहोचतो, त्या किल्ल्याच्या छायेतील चित्रकारांनी घडविलेला हा चेहरा आहे. तो मूळ रूपात पाहावयाचा तर मात्र आज ॲमस्टरडॅम, लंडन किंवा पॅरिस गाठावे लागते. असे का झाले आणि त्यातून कोणता बोध घ्यावयाचा, याचा विचार ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

कुतुबशाही राजवटीच्या अखेरच्या दशकांत गोवळकोंडा आणि भागानगर येथे व्यक्तिचित्रांचा मोठा व्यवसाय चालत असे. ही चित्रे आकाराने लहान, हाती धरून पाहण्याजोगी असत. एकरंगी भूमीवर एकच उभी आकृती, बाजूने दाखविलेला चेहरा, अंगात नक्षीचा जामा, कमरेला पटका, हाती शस्त्र किंवा फूल, आणि दागिन्यांवर सोन्याचा हात, असा त्यांचा ठराविक घाट होता. चेहरा बाजूने काढण्यात सोयही होती. नाक, कपाळ, हनुवटी आणि दाढी यांची रेषा एकदा नेमकी साधली की तिचा चरबा उतरवून घेता येई. रेषेवर बारीक छिद्रे पाडून, त्यांवरून कोळशाची पूड फिरवून, तीच आकृती दुसऱ्या कागदावर हवी तितक्या वेळा उमटविता येई. म्हणूनच एकाच व्यक्तीची चित्रे वेगवेगळ्या संग्रहांत जवळजवळ सारखी दिसतात. मोगल बादशहा, कुतुबशाही व आदिलशाही सुलतान, त्यांचे वजीर आणि सरदार यांचे संच तयार करून विकले जात. गिऱ्हाईक असत ते मुख्यत्वे मच्छलीपट्टणच्या वखारींशी संबंध असलेले युरोपीय व्यापारी. हिंदुस्थानात राज्य कोणाचे आणि दबदबा कोणाचा, हे मायदेशी दाखविण्यास असा संच म्हणजे एक चित्रमय दप्तरच होते.

या दप्तरात शिवाजी महाराजांना स्थान मिळाले, ही घटना राजकीय दृष्ट्याही अर्थपूर्ण आहे. १६७७ च्या आरंभी कर्नाटकच्या स्वारीवर निघताना महाराज भागानगरास आले. अबुल हसन कुतुबशहा गादीवर होता. कारभार मादण्णापंतांच्या हाती होता आणि मराठ्यांचे वकील म्हणून प्रल्हाद निराजी दरबारी राहात होते. महाराजांच्या स्वागतासाठी शहर शृंगारल्याचे वर्णन सभासदाच्या बखरीत आलेले आहे. सुमारे एक महिना महाराजांचा मुक्काम येथे होता. त्या मुक्कामात तह ठरला आणि स्वारीसाठी द्रव्य व तोफखान्याचे साहाय्य मिळाले. ज्या शहरात व्यक्तिचित्रे काढणारे हात इतके सराईत होते, तेथे हजारोंच्या नजरेसमोरून गेलेल्या या पाहुण्याचे रूप कोणी टिपले असेल, हे अनुमान स्वाभाविक आहे. तथापि अनुमान ते अनुमानच. उपलब्ध चित्रांपैकी अमुक एक चित्र समोर बसवून काढले, असे म्हणण्यास आधार नाही. ती एखाद्या मूळ रेषेवरून उतरलेली आहेत, इतकेच म्हणावे. टोकदार दाढी, सरळ पुढे आलेले नाक, मोठे डोळे आणि शिरपेच लावलेली पगडी ही वैशिष्ट्ये मात्र त्यांत सातत्याने आढळतात. सुरतेच्या इंग्रज वखारीतील धर्मोपदेशक एस्कॅलियट याने जानेवारी १६६४ मध्ये लिहिलेल्या पत्रात, महाराजांना पाहिलेल्यांच्या तोंडून ऐकलेले वर्णन दिले आहे. मध्यम उंची, बांधेसूद शरीर, भेदक नजर आणि इतरांहून उजळ वर्ण असे त्याचे सार आहे. चित्र आणि पत्र हे दोन स्वतंत्र साक्षीदार एकमेकांशी जुळतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढे दिवस फिरले. १६८६ मध्ये मादण्णा आणि आकण्णा यांची हत्या झाली. सप्टेंबर १६८७ मध्ये किल्ला औरंगजेबाच्या हाती पडला. दरबार उधळला, चित्रकारांचा आश्रय तुटला. जे संच त्यापूर्वी जहाजांवर चढले होते, ते तेवढे सुरक्षित राहिले. ॲमस्टरडॅमचा नगराध्यक्ष निकोलास विटसन हा मोठा संग्राहक होता. त्याच्या नावाने ओळखला जाणारा एकोणपन्नास व्यक्तिचित्रांचा गोवळकोंडा शैलीतील संग्रह आज तेथील राइक्स म्युझियममध्ये आहे आणि त्यात महाराजांचेही चित्र आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि पॅरिसच्या गिमे संग्रहालयातही अशी चित्रे आहेत. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मनुची या इटालियन प्रवाशाने काढवून घेतलेल्या चित्रांचा संग्रह असून त्यातील अश्वारूढ महाराजांचे चित्र मराठी वाचकांच्या चांगले परिचयाचे आहे. हिंदुस्थानी चित्रांची युरोपातील ही आवड याहूनही जुनी होती. खुद्द रेम्ब्रांटने १६५६ ते १६६१ च्या सुमारास मोगल चित्रांवरून दोन डझनांच्या आसपास रेखाटने केली. डच धर्मोपदेशक फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन याने १७२४ ते १७२६ या काळात प्रसिद्ध केलेल्या पूर्वेकडील देशांच्या बृहद्ग्रंथात अशाच प्रकारच्या चित्रावरून कोरलेले महाराजांचे चित्र छापले गेले.

चित्र परदेशी छापले गेले आणि घरी मात्र विसरले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात महाराजांचे म्हणून जे एक चित्र प्रचलित होते, ते वस्तुतः इब्राहीमखान नावाच्या सरदाराचे होते. पुस्तकांतून ते छापले जात होते आणि लोक त्याला भक्तिभावाने हात जोडत होते. कागदपत्रांच्या शोधात असताना वा. सी. बेंद्रे यांना व्हॅलेंटाइनच्या ग्रंथाशी संबंधित चित्र आढळले. १९३३ मध्ये त्यांनी ते पुण्यात लोकांसमोर ठेवले, आणि मराठी मनातील महाराजांच्या मुद्रेला समकालीन पुराव्याचा आधार मिळाला. बेंद्रे हे चित्रकार नव्हते, इतिहाससंशोधक होते. त्यांनी केलेले काम रंगरेषांचे नव्हते, तर चेहरा आणि नाव यांची चुकलेली गाठ सोडवून योग्य गाठ मारण्याचे होते. व्यक्तिचित्राचे खरे मर्म येथेच आहे. निसर्गदृश्याखाली नाव नसले तरी त्याची शोभा उणावत नाही. व्यक्तिचित्राखालचे नाव पुसले की उरतो तो एक अनोळखी माणूस. आणि नाव चुकले की एका माणसाचा मान दुसऱ्याला मिळतो.

पेशवाईत व्यक्तिचित्रणाची रीत पालटली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्यास आला आणि इंग्रज वकील मॅलेट याच्या आश्रयाने त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची तैलचित्रे काढली. सवाई माधवराव व नाना यांचे एकत्रित चित्र १७९२ चे असून ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. येथे मात्र संशयास जागा नाही. चित्रकार कोण, बसले कोण, वर्ष कोणते, हे सारे नोंदलेले आहे. गोवळकोंड्याच्या बाजारातील अनामिक चित्रकार आणि वेल्स यांच्यातील भेद कौशल्याचा नाही, नोंदीचा आहे.

व्यक्तिचित्रांचे स्वतंत्र दालन असावे, हा विचार इंग्लंडात मूर्त झाला. १८५६ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची स्थापना झाली आणि १८५९ मध्ये ती लोकांस खुली झाली. चित्र निवडताना चित्रकाराच्या गुणवत्तेपेक्षा चित्रित व्यक्तीची योग्यता पाहावयाची, असा तिचा दंडक होता. म्हणजे ती कलादालन असण्यापेक्षा इतिहासाचे दालन अधिक होती. तेथे जाणारा माणूस प्रथम चेहरा पाहतो, मग खालची पाटी वाचतो आणि पुन्हा चेहऱ्याकडे वळतो. पाहणे आणि वाचणे यांची ही आवर्तने म्हणजेच व्यक्तिचित्रदालनाचे दर्शन होय. ग्रंथप्रेमी माणसाला ही रीत वेगळी शिकवावी लागत नाही.

हैदराबादकरांना असे दर्शन घेण्यास फार दूर जावे लागत नाही. नल्लकुंट्याहून दक्षिणेकडे जाऊन मुसी ओलांडली की सालारजंग संग्रहालय लागते. १९५१ मध्ये दिवाण देवडीत ते सुरू झाले आणि १९६८ मध्ये आजच्या वास्तूत आले. पडद्याआडची रिबेका आणि तासाला टोल देणारे घड्याळ पाहण्यास तेथे गर्दी लोटते. संस्थापकांच्या दालनात त्या मानाने शांतता असते. तीन पिढ्यांतील सालारजंगांच्या मुद्रा तेथे पाहावयास मिळतात. पहिले सालारजंग मीर तुराब अली खान यांनी १८५३ पासून १८८३ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, संस्थानाची दिवाणगिरी सांभाळली. तिसरे मीर यूसुफ अली खान यांनी संग्रहालयातील बहुतेक वस्तू जमविल्या. चेहऱ्याची ठेवण, पोशाखातील बदल, बसण्याची ढब यांवरून एका घराण्याचाच नव्हे, तर एका संस्थानाचा प्रवास वाचता येतो. याच शहरात सहाव्या निजामांच्या पदरी राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे छायाचित्रकार होते. त्यांनी कॅमेऱ्याने उमराव आणि अधिकारी टिपले, तसेच पडदानशीन स्त्रियांसाठी १८९२ मध्ये स्वतंत्र स्टुडिओ काढून तेथील काम एका इंग्रज बाईंकडे सोपविले. जे चेहरे कोणत्याही चित्रकारासमोर येणे शक्य नव्हते, त्यांना अशा रीतीने प्रतिमा मिळाली.

या परंपरेत मराठी हातही आहेत. रामकृष्ण वामन देऊसकर हे व्यक्तिचित्रकार हैदराबादेत स्थायिक झाले होते. त्यांचे पुतणे गोपाळ देऊसकर यांचा जन्म १९११ मध्ये अहमदनगरला झाला. चुलत्यांच्या आधाराने ते हैदराबादेत वाढले. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि इंग्लंडात शिक्षण घेऊन त्यांनी व्यक्तिचित्रणात अग्रस्थान मिळविले. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात पुरुषवेषातील आणि स्त्रीवेषातील बालगंधर्वांची जी दोन चित्रे रसिकांना थबकवितात, ती गोपाळरावांची. टिळक स्मारक मंदिरातील भित्तिचित्रेही त्यांचीच. १९९४ मध्ये ते निवर्तले. पुण्यातील प्रेक्षक या चित्रांपुढे उभा राहतो, तेव्हा त्या कुंचल्याचे बाळपण हैदराबादेत गेले आहे, याची आठवण क्वचितच कोणी करून देतो. गोवळकोंड्याच्या चित्रांत चित्रिताचे नाव राहिले आणि चित्रकाराचे हरपले. देऊसकरांच्या बाबतीत नाव राहिले, पण गावाचा धागा विरळ झाला.

आता राहिले ते सर्वांत जवळचे दालन. मराठी ग्रंथालयाच्या भिंतीवर ओळीने लावलेल्या तसबिरी कोणी कलाकृती म्हणून पाहात नाही. चंदनाचा हार, काळवंडलेली चौकट, काचेआड फिकट होत चाललेले छायाचित्र, असे त्यांचे रूप असते. परंतु नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीचा दंडक लावला, तर ही दालनेही त्याच कुळातील ठरतात. निजामी राजवटीत मराठी शाळा आणि वाचनालये उभी करणे हे सोपे काम नव्हते. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पिढीने १९०७ मध्ये विवेकवर्धिनी सुरू केली, आणि त्या सुमारास व नंतर अनेक संस्था उभ्या राहिल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादेतील मराठी समाज आपल्या भाषेच्या मुख्य प्रदेशापासून वेगळा पडला. त्यानंतर येथील मराठीपण टिकले ते अशा संस्थांच्या बळावर. कोरटकरांसारख्या नामवंतांची ओळख पुस्तकांत मिळेल. पण वर्षानुवर्षे दिवा लावणारे चिटणीस, दारोदार जाऊन वर्गणी गोळा करणारे सभासद, पुस्तके बांधणारे आणि शिवणारे सेवक यांची ओळख त्या तसबिरींपलीकडे कोठेही नसते.

वार्षिकोत्सवाच्या समूहचित्रात तीन ओळींत बसलेली आणि उभी असलेली माणसे असतात. त्यांना नावानिशी ओळखणारा सभासद हयात असतो, तोवर ते चित्र बोलते. तो गेला की इब्राहीमखानाच्या चित्रासारखा घोटाळा होण्यासही वाव राहात नाही, कारण चुकीचे नाव देण्याइतकीही माहिती कोणाजवळ उरत नाही. यावरचा उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक तसबिरीची व समूहचित्राची पाठ पाहावी. वयोवृद्ध सभासदांना एकत्र बसवून डावीकडून उजवीकडे एकेक नाव वदवून घ्यावे. वर्ष, प्रसंग आणि छायाचित्रकार यांची नोंद दाखल-नोंदवहीत ग्रंथांप्रमाणेच क्रमांक देऊन करावी. जेथे खात्री नाही तेथे जागा कोरी ठेवावी. ओळखीच्या भरात चुकीचे नाव घालू नये.

महाराजांचे चित्र या शहरातून सातासमुद्रापलीकडे गेले आणि तरीही अडीच शतकांनी ओळखले गेले, ते त्याजवळ नाव लिहून ठेवणारा कोणीतरी होता म्हणून. तो बहुधा वखारीतला कारकून असावा. आपण काही मोठे करीत आहोत, असे त्याला वाटलेही नसेल. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकातील पहिले काम इतकेच साधे असण्यास हरकत नाही.