वाकड्या पावलाचे उपचार : हिप्पोक्रेटिस ते पोन्सेटी
दर हजार नवजात बालकांपैकी साधारणपणे एकाचे पाऊल घोट्यापाशी आत वळलेले आणि टाच वर ओढली गेलेली असते. या जन्मजात व्यंगाला वैद्यकात क्लबफूट म्हणतात. मुलींच्या मानाने मुलग्यांत ते सुमारे दुपटीने आढळते, आणि जवळजवळ निम्म्या बालकांचे दोन्ही पाय वाकडे असतात. त्याचे नेमके कारण बहुधा सापडत नाही. गर्भवतीने ग्रहण न पाळल्यामुळे बाळात व्यंग येते, हा आपल्याकडे रुजलेला समज मात्र निखालस खोटा असून त्याने कित्येक आयांच्या माथी नसलेला दोष मारला आहे.

इ. स. पूर्व 400च्या सुमारास हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रीक वैद्यांनी या व्यंगावर लिहिले, ते आजही वाचण्याजोगे आहे : जन्मानंतर शक्य तितक्या लवकर पाऊल हाताने हळूहळू वळवावे, पट्ट्यांनी बांधावे, आणि ते सरळ झाल्यावरही विशिष्ट पादत्राण वापरत राहावे. पुढे युरोपात हे धोरण मागे पडून यंत्रांवर भर आला. इटलीतील आंतोनिओ स्कार्पा यांनी 1803 साली आपल्या बुटाचे वर्णन प्रसिद्ध केले. 1831 साली जर्मनीतील स्ट्रोमायर यांनी त्वचेला बारीकसा छेद देऊन टाचेची कंडरा, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरीसारखी शीर, आतल्या आत कापली. जंतुनाशकांच्या आधीच्या त्या काळात जखम लहान ठेवण्यातच रुग्णाचा बचाव होता. स्वतःच्या वाकड्या पायावर त्यांच्याकडून हीच शस्त्रक्रिया करवून घेतलेले विल्यम लिटल यांनी ती लंडनला नेली.

भूल आणि निर्जंतुकीकरण हाती आल्यावर शस्त्रक्रियांचा विस्तार वाढत गेला, आणि विसाव्या शतकात सांध्यांभोवतीची बंधने मोठ्या प्रमाणावर कापून पाऊल सरळ करणे रूढ झाले. असे पाऊल दिसायला सरळ होई, पण प्रौढ वयात अनेकदा ताठर आणि दुखरे बने.

स्पेनच्या यादवी युद्धानंतर देश सोडून अमेरिकेत आलेले इग्नासिओ पोन्सेटी यांनी 1940च्या दशकात आयोवा विद्यापीठात असेच शस्त्रक्रिया झालेले पाय तपासले आणि या रूढ वाटेवर शंका घेतली. त्याआधी जोसेफ काइट यांनीही प्लॅस्टरनेच पाय सुधारण्याचा आग्रह धरला होता, परंतु त्यांचा दाब पावलाच्या बाहेरच्या कडेवर पडत असल्याने टाचेचे हाड अडकून राही. पोन्सेटींनी अंगठा घोट्याच्या हाडाच्या पुढे आलेल्या टोकावर ठेवला आणि त्याभोवती संपूर्ण पाऊल बाहेर वळू दिले. सारी किमया अंगठ्याच्या या जागेत आहे. दर आठवड्याला पाऊल थोडे वळवून मांडीपर्यंत प्लॅस्टर घालायचे, असे साधारण पाच ते सात वेळा करायचे, आणि बहुतेक बालकांत शेवटी स्ट्रोमायरांप्रमाणे कंडरा कापून तीन आठवडे अखेरचे प्लॅस्टर ठेवायचे, अशी ही पद्धत आहे. 1963 साली ती प्रसिद्ध झाली, तरी शस्त्रक्रियेवर विसंबलेल्या व्यवसायाने तिच्याकडे जवळजवळ तीस वर्षे पाठ फिरवली. 1995 साली आयोवातील जुन्या रुग्णांचे समाधानकारक दीर्घकालीन निष्कर्ष पुढे आले आणि नंतर इंटरनेटवरून पालकच एकमेकांना ही पद्धत सांगू लागले, तेव्हा कुठे ती जगभर पसरली.

भारतात 2013 साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने तपासणीच्या यादीत क्लबफूटचा समावेश केला. प्लॅस्टर निघाल्यावर मात्र खरी कसोटी घरच्यांची असते : दांडीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास आणि पुढे चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत झोपेत घालावे लागतात, आणि पाय सरळ दिसू लागल्यावर बाळाच्या रडण्याने कळवळून ते काढून ठेवणे, हेच व्यंग उलटण्याचे सर्वांत मोठे कारण ठरते.