चारीतला वाटा आणि तारेची वाट

माळशिरस तालुक्यातला ऊस नीरा उजव्या कालव्यावर वाढला. भाटघरचे लॉईड धरण 1928 मध्ये पुरे झाले, 1932 मध्ये सासवडच्या माळी बागायतदारांनी माळीनगरचा साखर कारखाना स्थापन केला आणि या कोरड्या मुलखाचे अर्थकारण पालटले. हे श्रेय आपण धरणाला आणि कारखान्याला देतो, चारीला देत नाही. कालव्याचे पाणी शेवटच्या रानात पोचते ते चारीतून, आणि चारी जाते दुसऱ्याच्या बांधातून. शेजाऱ्याने अडवली तर धरण असून उपयोग नाही. हे ओळखूनच 1879 च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने दोन सोयी ठेवल्या होत्या. दुसऱ्याच्या जमिनीतून चारी न्यायची असेल तर कालवा अधिकाऱ्याकडे अर्ज करता येई, आणि कुणी आधीच खोदलेल्या चारीत खर्चाचा वाटा भरून सामील होता येई. खोदणाऱ्याला त्याचा खर्च मिळे, मक्तेदारी मिळत नसे. आज गृहनिर्माण सोसायट्यांत वेगवान इंटरनेटच्या तारेवरून जे वाद होतात, त्यांचा निवाडा याच तत्त्वावर व्हायला हवा, असे मला ठामपणे वाटते.

तारेचा स्वतःचा कायदा वेगळ्या वळणाने आला. 1885 च्या भारतीय तार अधिनियमाने सरकारला खाजगी जागेतून तार नेण्याचा अधिकार दिला. मालक आडवा आला तर जिल्हा दंडाधिकारी हुकूम काढू शके. मात्र त्याच कायद्यात मर्यादाही होत्या: सरकारला जागेचा फक्त वापर मिळेल, मालकी नाही, नुकसान कमीत कमी करायचे, आणि होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची. 2023 च्या दूरसंचार अधिनियमाने खाजगी जागेत आधी मालकाची संमती मागण्याची रीत आणली आणि सार्वजनिक हितासाठी हस्तक्षेपाची सत्ता सरकारकडे राखली. पण दोन्ही कायद्यांचा रोख सरकार किंवा कंपनी विरुद्ध जागामालक असा आहे. सोसायटीतला पेच तसा नसतो. तिथे सभासद स्वतः जागेचा भागीदार असतो आणि वाट अडवते ती त्याचीच कार्यकारिणी, कधी एखाद्याच पुरवठादाराशी करार करून. हा शेजाऱ्या-शेजाऱ्यातला तंटा आहे. म्हणून तार कायद्यातल्या हुकमापेक्षा चारीतला वाटा इथे अधिक उपयोगी.

यावर आक्षेप येतात आणि ते पोकळ नाहीत. जिना, गच्ची, डक्ट सामायिक आहेत, मग सर्वसाधारण सभेचे बहुमत का मानू नये? मानावे, पण तार कुठून जाईल, भिंत कोण बुजवेल, लोंबत्या तारा कोण काढेल, एवढ्यापुरते. एखाद्याच्या घरी जोडणी यावी की नाही, हे बहुमताने ठरवणे म्हणजे वरच्या रानवाल्यांनी खालच्याची पाळी ठरवण्यासारखे आहे. दुसरा आक्षेप असा, की पाणी आणि तार यांची तुलनाच चुकते. ती चुकते खरी, पण सभासदाच्या बाजूने: चारीत वाटेकरी वाढला की पाणी खरोखर कमी पडते, तर फायबरची दुसरी तार त्याच नळीतून गेल्याने पहिलीचे काही हिरावले जात नाही. उणीव आहे ती निवाड्याची. पाटबंधारे कायद्याने अधिकारी नेमून दिला होता, जागेवर येऊन चारी पाहणारा. 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली सभासदाला सहकार न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि एका जोडणीसाठी तेवढा काळ कुणी थांबत नाही. उपनिबंधकाला असा अर्ज ठराविक मुदतीत निकाली काढण्याचे आणि खर्चाचा वाटा ठरवून देण्याचे बंधन घालणारी तरतूद कायद्यात आली पाहिजे.