ब्रिजमधील बोली आणि पानांची पारख

सोलापुरात मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. तिच्या जनावरांच्या बाजारात खिल्लार बैलांचा सौदा जुन्या काळी एका निराळ्या रीतीने होत असे. विकणारा व घेणारा हातावर उपरणे टाकीत आणि त्याखाली एकमेकांची बोटे दाबून किमतीची बोली करीत. भोवतालच्या मंडळींना आकड्याचा पत्ता लागत नसे. बैलाचे दात मोजणे हे पारखीचे पहिले कलम. दुसा, चौसा की जुळलेला, हे थोड्या सवयीने कोणालाही सांगता येते. मुरलेला हेडी मात्र तेवढ्यावर थांबत नसे. घरी जो बैल उभा आहे त्याच्या जोडीला हा चालेल काय, हा त्याचा खरा प्रश्न असे. बैल एकटा कितीही देखणा असला, तरी जू दोघांच्या खांद्यावर यावयाचे असते.

ब्रिजच्या टेबलाशी बसलेल्या खेळाडूपुढे नेमका हाच प्रश्न असतो. फरक एवढाच की येथे उपरणे नाही. बोली उघड होते आणि ती भिडूला जशी ऐकू येते, तशीच दोघा प्रतिस्पर्ध्यांनाही.

पत्त्यांच्या सगळ्याच खेळांत बोली नसते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात एकशेवीस पाने आहेत, पण बोली नाही. आपल्या घरोघरच्या मेंढीकोटातही दहिल्या पकडावयाच्या, त्यांची आगाऊ हमी द्यावयाची नाही. इंग्रजांच्या व्हिस्टमध्ये तर वाटणाऱ्याचे शेवटचे पान उलटून दिसेल तोच हुकूम. १८९४ च्या सुमारास लंडनच्या पोर्टलंड क्लबात ब्रिज शिरला, तेव्हा हुकूम ठरविण्याचा अधिकार वाटणाऱ्याला व त्याच्या भिडूला मिळाला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ऑक्शन ब्रिजने तो अधिकार लिलावात काढला. या लिलावाची कल्पना हिंदुस्थानातील एका दूरच्या ठाण्यावर, चौथा गडी मिळेना म्हणून, तिघा इंग्रज अंमलदारांना सुचली असे सांगतात. सरकारी नोकरीतील एकांताने जगाला दिलेल्या देणग्यांत ही काही अगदीच वाईट नव्हे.

परंतु ऑक्शन ब्रिजमध्ये एक मोठी सवलत होती. बिनहुकमीची एकच बोली करून तीन दस्त केले, तरी तिन्हींचे गुण डावाच्या हिशेबात पडत. साहजिकच शहाणा खेळाडू शक्य तितक्या स्वस्तात थांबे. आपल्या पानांची नेमकी किंमत काय, हे ठरविण्याची निकड त्याला नसे. प्रतिस्पर्ध्याहून एक पायरी वर राहिले की पुरे.

ही सवलत काढून घेण्याचा एक आरंभीचा प्रयत्न याच देशात झाला. आय. सी. एस. मधील ह्यू क्लेटन, जे पुढे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले व सर पदवीस पोहोचले, त्यांनी आपल्या तिघा सोबत्यांसह १९१२ च्या सुमारास एक खेळ बसविला. चौघांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून त्याला ‘एस. ए. सी. सी.’ हे नाव दिले. त्याचे वर्णन मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त १९१४ साली छापून आले. नियमाचे मर्म एका वाक्याचे होते: जेवढे बोललात तेवढेच डावात धरले जाईल. फ्रान्समध्ये ‘प्लाफाँ’ या खेळाने हेच तत्त्व स्वीकारले. १९२५ च्या अखेरीस अमेरिकेचे हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी पनामाच्या कालव्यातून जाणाऱ्या एका जहाजावर त्याला नवी गुणपद्धती जोडली आणि कॉन्ट्रॅक्ट ब्रिज जगभर पसरला. क्लेटन यांचे नाव मात्र ब्रिजच्या कोशांपुरते उरले.

आता कमी बोलणे हाही तोटा झाला आणि अधिक बोलणे हा तर दंडच. म्हणून पानांना भाव लावणे आले. एली कल्बर्टसन यांनी ‘ऑनर ट्रिक’ची कोष्टके केली: एक्का म्हणजे एक, एक्का-राजा म्हणजे दोन, राजा-राणी म्हणजे एक. ब्रिटनचे लेफ्टनंट कर्नल वॉल्टर ब्युलर यांना असली सांकेतिक यंत्रणा मुळीच मान्य नव्हती. साधी समज पुरे, असे त्यांचे म्हणणे. सप्टेंबर १९३० मध्ये लंडनला दोन्ही संघ दोनशे वाटपे खेळले आणि कल्बर्टसन यांचा संघ ४,८४५ गुणांनी जिंकला. कोष्टकांची सरशी झाली हे खरे. परंतु समज निरुपयोगी ठरली, असा अर्थ काढणे घाईचे होईल.

कारण कोष्टक पानांची किंमत सांगते, जागेची नाही. एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक, ही मिल्टन वर्क यांच्या नावाने रूढ झालेली मोजणी घ्या. एका रंगाचे दहा व गड्डीचे चाळीस गुण होतात. हातात बदामचा राजा व दोन हलकी पाने आहेत. गुण तीन. बदामची बोली उजवीकडच्या प्रतिस्पर्ध्याने केली, तर एक्का बहुधा त्याच्याकडे. तो आपल्या आधी पान टाकणार, म्हणून राजा सुखरूप. तीच बोली डावीकडून आली, तर एक्का राजाच्या पाठीमागे टपून बसला, आणि त्या तिनाचे मोल शून्यावर येऊ लागते. पाने तीच, आणि मोजणीही तीच.

एकट्या पानाचे तसेच. चौकटचे एकच हलके पान आपल्या हातात असून भिडूच्या इस्पिकला आपला चार पानांचा आधार असेल, तर चौकटच्या दुसऱ्या फेरीपासून हुकूम मारता येतो. अशा वेळी भिडूकडे चौकटची तीन हलकी पाने असलेली बरी. तेथे राजा-राणी असली तर त्यांचे पाच गुण बहुतांशी वाया जातात. आणि दोघांचे रंगच जुळले नाहीत, तर ते एकटे पान नुसती अडचण होते.

चार्ल्स गोरेन यांच्या १९४९ च्या पुस्तकाने गुणमोजणी घरोघर नेली, तीत ही गोष्ट आकड्यांतच मांडलेली आहे. पहिली बोली करताना एकट्या पानाचे दोन गुण धरावेत. भिडूने रंग सांगितल्यावर आणि त्याला आपला पुरेसा आधार असेल, तर त्याच पानाचे तीन. रंगाचे एकही पान नसेल, तर आधी तीन आणि नंतर पाच.