फुलून गेल्यावर...

यंदा माझी पिओनी फुललेली मी पाहिलीच नाही. मे महिन्यात आईच्या आजारपणासाठी तीन आठवडे साताऱ्याला होते. न्यू जर्सीला परतले, तर झाडाखाली पाकळ्यांचा सडा आणि फांद्यांच्या टोकाला हिरव्या शेंगा. नवरा म्हणाला, "फोटो काढलेत की!" पण फोटोला वास कुठला?

कात्री घेऊन बसले. ही झुडपाची पिओनी, म्हणजे चीनमधली मूदान. सुकलेलं फूल पहिल्या पानाच्या जरा वर कापायचं, बी धरू द्यायचं नाही. लाकडी फांद्या मात्र राखायच्या. साधी पिओनी हिवाळ्याआधी जमिनीलगत कापतात, तसं इथे केलं तर पुढच्या वर्षीची फुलंच गेली; कारण त्यांचे डोळे उन्हाळ्यातच पानांच्या बेचक्यात तयार होतात.

मला वाटायचं, हे सगळं आजकालच्या नर्सरीवाल्यांचं ज्ञान. पण ओउयांग श्यू नावाच्या एका चिनी अधिकाऱ्याने 1034 च्या सुमारास लोयांगच्या मूदानवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात हेच आहे! फूल गळताच छाटा, बी धरलं की झाड लवकर म्हातारं होतं. पाणी सूर्योदयापूर्वी किंवा दिवस कलल्यावर घाला. राजधानीत कैफेंगला फुलं पाठवताना देठाला मेण लावायचे, भाजीच्या पानांनी भरलेल्या बांबूच्या टोपल्यांतून घोडेस्वार ती नेत, हेही आहे.

आणि गंमत म्हणावी की काय... हा माणूस लोयांगला चार वसंत राहिला, पण ऐन बहर त्याला एकदाही दिसला नाही. 1031 मध्ये पोचायलाच उशीर झाला. दुसऱ्या वर्षी मित्राबरोबर डोंगरात भटकायला गेला. तिसऱ्या वर्षी बायको वारली. चौथ्या वर्षी नोकरीची मुदत संपली, निघताना फक्त आधी उमललेली फुलं दिसली. हे सगळं त्यानेच लिहून ठेवलंय, तक्रार न करता. जेवढी पाहिली तेवढीही फार सुंदर होती, म्हणतो.

सात शेंगा कापल्या. रात्री फोनवर आईला सांगितलं, तर म्हणते, "त्यात काय नवीन? गुलाबाचंही तसंच. फूल सुकलं की खुडायचं, मग पुढचं येतं."

आवाज आता बराच खणखणीत वाटला.

असो. पुढच्या मे महिन्यात तिलाच इकडे आणायचा विचार आहे.